एका तासाच्या पेन्शनइतकी शिष्यवृत्ती

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण खात्याच्या पेन्शनसाठी १,६०,७९५ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यात खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचं पेन्शनही आलं. आकडा एवढा मोठा की नुसता वाचून हाती काही लागत नाही, म्हणून तो वर्षाच्या तासांवर वाटून पाहिला. दिवसाला ४४० कोटी, तासाला १८ कोटी ३५ लाख.

आता दुसरा हिशेब. माजी सैनिकांची मुलं आणि दिवंगत सैनिकांच्या पत्नी यांच्या व्यावसायिक पदवी शिक्षणासाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना चालते. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना, निम्म्या मुलग्यांना. मुलीला महिना ३,००० रुपये, मुलाला २,५००. गुणाकार केला की एका नव्या तुकडीचा वर्षाचा खर्च येतो १८ कोटी १५ लाख. म्हणजे देशभरातल्या साडेपाच हजार विद्यार्थ्यांचं अख्खं वर्ष पेन्शनच्या एका तासात बसतं, आणि तरीही वीस लाख उरतात. चारही वर्षांच्या तुकड्या एकदम धरल्या तरी चार तास पुरतात.

पेन्शन जास्त आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते सैनिकाने घाम आणि रक्त देऊन मिळवलेलं आहे. मला खुपतं ते शिष्यवृत्तीचं ठेंगणेपण. त्यातही हे पैसे अर्थसंकल्पातून येत नाहीत. ते येतात राष्ट्रीय संरक्षण निधीतून, म्हणजे लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या देणग्यांतून. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत जे शिक्षण अनुदान मिळतं, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये महिना १,००० वरून २,००० रुपये झालं. हे स्वागतार्हच. पण त्याचाही आधार सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचा आहे. ७ डिसेंबरला छातीवर छोटा झेंडा लावून आपण डब्यात पैसे टाकतो, तोच निधी. शिक्षण, लग्न आणि वृद्ध माजी सैनिकांची मदत अशी तीन अनुदानं तेव्हा एकदम दुप्पट झाली, आणि त्यांचा वर्षाचा भार सुमारे २५७ कोटी सांगितला गेला. पेन्शनचे चौदा तास.

बंगळुरूसारख्या फौजी शहरात हे आकडे फार टोचतात. हलसूरला मद्रास सॅपर्सचं केंद्र, आर्मी सर्व्हिस कोअरचं आणि मिलिटरी पोलिसांचं केंद्र इथलंच, पॅराशूट रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्रही इथेच. १९५२ साली मराठा लाइट इन्फंट्रीतून पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली २ पॅरा (मराठा) ही पलटण आपल्या मराठी घरातलीच. हवाई दलाचं ट्रेनिंग कमांड मुख्यालयही याच शहरात. लष्करी मुलांसाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीने इथे हॉटेल मॅनेजमेंट आणि फॅशन डिझाइनच्या संस्था काढल्या. मल्लेश्वरमच्या कर्नाटक परीक्षा प्राधिकरणात प्रवेशाच्या वेळी आजी आणि माजी सैनिकांच्या मुलांचे वेगळे प्रवर्ग असतात. पण जागा मिळाली तरी फी उरतेच. कॉमेडके या खासगी महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेतून अभियांत्रिकीला गेलेल्या मुलीची वर्षाची फी दोन लाखांच्या पुढे जाते. शिष्यवृत्तीचे ३६,००० तिचा पाचवा हिस्साही भागवत नाहीत. वसतिगृह, खाणावळ वेगळीच.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७२ पासून, शहीद, बेपत्ता आणि कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांची पूर्ण फी सरकार भरू लागलं. जुलै २०१७ पासून तिलाही महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, देशभर नाराजी उमटली, आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा उठली. मनात आणलं की सरकार पूर्ण फी देऊ शकतं, हे या योजनेने दाखवून दिलं आहे.

आणि खुद्द सैनिकाचं शिक्षण? दरवर्षी साधारण ६०,००० जण फौजेतून बाहेर पडतात, दिवसाला १६४. बहुतेकांचं वय ३५ ते ४५. पुनर्वसन महासंचालनालय त्यांना जास्तीत जास्त २४ आठवड्यांचे अभ्यासक्रम देतं. जवान आणि जेसीओंची पूर्ण फी, अधिकाऱ्यांची ६० टक्के. दहावी आणि १५ वर्षांची सेवा असली की क गटाच्या सरकारी नोकरीसाठी ती पदवीसमान धरतात. खासगी कंपनीवर मात्र तसं बंधन नाही.

अमेरिकेने १९४४ साली कायदा करून दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकालाच विद्यार्थी केलं. १९५६ पर्यंत सुमारे एक कोटी साठ लाखांपैकी ७८ लाखांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतलं, त्यातले २२ लाख महाविद्यालयांत गेले. १९४७ साली तिथल्या महाविद्यालयीन प्रवेशांत ४९ टक्के माजी सैनिक होते.

आपल्यासमोर तसाच प्रश्न उभा राहतो आहे. २०२२ च्या घोषणेत अग्निवीरांची पहिली भरती ४६,००० ची होती. चार वर्षांनी जास्तीत जास्त चौथा हिस्सा फौजेत राहणार, म्हणजे साधारण ३४,५०० तरुण २१ ते २७ च्या वयात घरी. हातात प्रत्येकी ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, त्यातलं निम्मं मुद्दल त्यांच्याच पगारातून कापलेलं. लष्करी प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरून इग्नू त्यांना पदवी देऊ शकते, ही चांगली सोय आहे. पण नियमित महाविद्यालयात शिकू पाहणाऱ्या अग्निवीराची फी सरकारनेच अर्थसंकल्पातून भरावी. देणग्यांवर ही जबाबदारी सोडू नये.

तोवर एक काम आपल्या हातातलं. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज पदवीच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. ते वर्ष चुकलं की पुढची सगळी वर्षं गेली. बारावी वा डिप्लोमाला किमान ६० टक्के हवेत, अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तुमच्या नात्यात, सोसायटीत, कंपनीच्या गेटवर जो माजी सैनिक असेल, त्याच्या मुलीचं यंदा पहिलं वर्ष आहे का, ते आजच विचारा.