बोगदा, भेगा आणि विहिरीचं पाणी

आरे म्हटलं की झाडं आणि कारशेड आठवते. पायाखालचा खडक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा मेट्रो-३ चा पहिला टप्पा सुरू झाला. आरेचं स्थानक जमिनीवर, पुढची सगळी जमिनीखाली. शेजारच्या चित्रनगरीकडून राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून मुलुंडला जाणाऱ्या ४.७ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांचं भूमिपूजनही त्याच वर्षी जुलैत झालं. डोंगर पोखरला की आसपासच्या विहिरींचं काय होतं, हा प्रश्न आरोग्याचाही आहे.

मुंबईचा बराचसा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनला. अखंड काळ्या पाषाणातून पाणी जवळपास झिरपत नाही. ते वाहतं लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांतून आणि दोन थरांच्या मधून. फट दुप्पट रुंद झाली, तर तितक्याच दाबाखाली पाणी दुप्पट नव्हे, साधारण आठपट वाहतं.

बोगदा खोदला की काढलेल्या खडकावरचा भार भोवतालच्या खडकावर येतो. काही जुन्या भेगा आवळतात, काही उघडतात, काही नव्या पडतात. सुरुंगाने हे नुकसान जास्त होतं, बोगदा खोदणाऱ्या यंत्राने कमी. अस्तर पक्कं होईपर्यंत बोगदा चरासारखा भूजल ओढून घेऊ शकतो. म्हणूनच भेगांत दाबाने सिमेंट भरतात आणि काँक्रीटच्या कड्यांच्या सांध्यांत रबरी पट्ट्या बसवतात.

डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती दोन गोष्टींची. विहिरीची पातळी घटली की माणसं मिळेल ते पाणी भरतात आणि दिवसेंदिवस साठवतात. शिवाय माती पाणी बऱ्यापैकी गाळते. खडकाच्या भेगेत ती गाळणी नसते. शौचालयाच्या टाकीतली गळती भेगेवाटे विहिरीत पोचली, तर कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो ठरलेले.

म्हणून बोगद्याजवळच्या विहिरींची पातळी आणि पाण्यातले जंतू खोदकामाआधी, चालू असताना आणि नंतरही तपासायला हवेत. आधीचा रिपोर्टच नसेल, तर विहीर पावसाअभावी आटली की बोगद्यामुळे, हे कोण सांगणार? पाड्यावर राहणाऱ्यांनी विहिरीत नियमित टीसीएल पावडर टाकली जाते का, हे पाहावं. पिण्याचं पाणी खळखळून उकळावं आणि झाकून ठेवावं. विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, वास आला किंवा पातळी उतरली, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. आजार पसरण्याची वाट पाहू नये.