गुडघ्याची स्थितिसंवेदना व तिचे मापन

डोळे मिटले असताही गुडघा किती वाकला आहे याची जी जाणीव माणसास असते, तीस गुडघ्याची स्थितिसंवेदना म्हणतात. अशा संवेदनांसाठी ‘प्रोप्रिओसेप्शन’ ही संज्ञा चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये रूढ केली. ही जाणीव मुख्यतः सांध्यातील ग्राहींमुळे होते, असा समज पुढे प्रचलित होता. गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी १९७२ मध्ये कोपराजवळील कंडरांस कंपने देऊन हात हालल्याचा भास निर्माण केला, तेव्हा स्नायूंतील ताण जाणणाऱ्या तर्कूंचे महत्त्व पटले. गुडघ्याच्या मापनातही याचा विचार करावा लागतो. कारण चाचणीच्या क्षणापूर्वी स्नायू आकुंचित होता की ताणलेला, यावर उत्तर बदलते. प्रत्येक प्रयत्नाआधी स्नायूचे सारखेच आकुंचन करवून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

नेहमीच्या चाचणीत डोळ्यांवर पट्टी बांधून गुडघा ठरावीक कोनापर्यंत नेतात, क्षणभर धरून परत आणतात व तोच कोन पुन्हा साधण्यास सांगतात. कोन विद्युत् कोनमापकाने अथवा त्वचेवरील खुणांच्या छायाचित्रांवरून मोजतात. घोट्यावरील पट्ट्याचा दाबही व्यक्तीस नकळत खूण पुरवितो. उभ्याने चाचणी घेतल्यास घोटा व खुब्याच्या सांध्यांतूनही माहिती मिळते. त्यामुळे बसून घेतलेल्या मापांशी तिची तुलना करू नये.

उपकरण अचूक असले म्हणजे मापन विश्वसनीय ठरते, असे नाही. ४५° कोनासाठी एका व्यक्तीने ४८, ४३, ४७, ४२ व ५० अंश दाखविले. दुसरीने ४८, ४८, ४७, ४९ व ४८. चिन्ह न धरता दोघींची सरासरी चूक ३° भरते. तथापि पहिलीची उत्तरे विखुरलेली असून चिन्हासह सरासरी चूक +१° आहे, तर दुसरी सातत्याने सुमारे ३° पुढे जाते. एकच आकडा देण्याची प्रथा सोयीची असली, तरी दिशाभूल करणारी आहे.

विश्वसनीयतेसाठी वापरला जाणारा अंतर्वर्गीय सहसंबंध गुणांकही जपून वाचावा लागतो. गटातील व्यक्ती एकमेकींसारख्या असल्यास चाचणी चांगली असूनही तो कमी येतो. मापनाची प्रमाण त्रुटी अंशांत दिलेली अधिक उपयुक्त. ती १° असेल, तर दोन मापनांतील सुमारे २.८° पर्यंतचा फरक यादृच्छिक असू शकतो. गुडघ्यातील बंध तुटून शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूची चूक ४° वरून २.५° वर आली, तर तेवढ्यावरून त्यास मैदानात परत पाठविणे समर्थनीय नाही.