काळी पूड आणि कडवा वाल

खाचरांतलं भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर कडवा वाल पेरायचा. त्याच्या बियाण्याला चोळायला रायझोबियम जिवाणूंचं पाकीट आणलं, तर आतली काळी पूड हेच खत, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. ती पूड म्हणजे लिग्नाइट किंवा लोणारी कोळशाची भुकटी, जिवाणूंचं नुसतं घर. शास्त्रज्ञ तिला वाहक म्हणतात. काम करतात ते आतले जिवाणू. खत नियंत्रण आदेशानुसार एका ग्रॅममध्ये ते किमान ५ कोटी जिवंत असावे लागतात.

मग वाहक म्हणून चुलीतली राख किंवा बांधावरची माती का नको? राख अल्कधर्मी असते, तिच्यात जिवाणू तग धरत नाहीत. मातीत इतर जंतूंची आधीच गर्दी असते. चांगला वाहक बारीक दळलेला, निर्जंतुक, आम्ल-विम्ल निर्देशांक ७ च्या आसपासचा आणि पाणी धरून ठेवणारा लागतो. लिग्नाइट आम्लधर्मी निघालं, तर त्यात चुनखडीची पूड मिसळून ते सुधारतात.

पूड ओलसर लागली की माल खराब, हा समज तर फारच नुकसान करतो. वाहकात ३० ते ४० टक्के ओलावा हवाच. पाकीट उन्हात वाळवलं, पत्र्याच्या तापत्या खोलीत ठेवलं, की आतलं सगळं मरतं. रंग मात्र तोच राहतो, म्हणून फसगत कळत नाही.

हरभऱ्याचं पाकीट वालाला चालत नाही. वाल चवळीच्या गटातला, त्याच गटाचं मागून घ्या आणि अंतिम तारीख वाचा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरतं. गुळाचं थंड पाणी शिंपडून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. युरियात तर मिसळूच नका.

पीक फुलावर आलं की एक रोप मुळासकट अलगद खणून काढा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं, तर गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देत आहेत.