सोयींचा नकाशा (भाग ७) : पाण्यापलीकडची गावं

मागच्या भागात अंबाडी नाक्यापर्यंत सेवा कशा येतात ते पाहिलं. भिवंडी-वाडा रस्ता आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे फुटणारा फाटा, या दोन वाटांवरून एसटी येते, दुधाची गाडी येते, गॅसचा टेम्पो येतो, रुग्णवाहिकाही येते. रस्त्याबद्दलच्या तक्रारी खऱ्याच आहेत, पण चाक दारापर्यंत येतं. आज जिथे ते येत नाही अशा गावांकडे जाऊ. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या भागातून वाहणारी तानसा पुढे वैतरणेला मिळते आणि त्याच वैतरणेच्या खाडीत, पालघर तालुक्यात, वाढीव नावाचं बेट आहे.

वैतरणा आणि सफाळे या दोन स्थानकांच्या मध्ये हे गाव येतं. त्याच्या दोन्ही अंगांना पाणी आणि पाण्यावर रेल्वेचे ९२ आणि ९३ क्रमांकाचे पूल. पूल गाड्यांसाठी बांधलेले, माणसांसाठी नाहीत. तरीही वर्षानुवर्षं वाढीवचे लोक लोकल पकडायला याच पुलांवरून चालत आले आहेत. दप्तर घेतलेली मुलं, बाजाराची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाया, आजाऱ्याला आधार देणारे नातेवाईक, सगळ्यांची वाट हीच. मुंबईकडे धावणारी गाडी रोज डोळ्यांसमोरून जाते, पण तिच्यापर्यंत पोहोचायचं तर जीव मुठीत धरावा लागतो.

होडी का नाही, असं कुणीही विचारेल. होडी असते, पण तिचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी सातला भरपूर पाणी असेल, तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी असते. होडी चिखलात टेकते. शाळेची घंटा आणि आठची लोकल मात्र जागची हलत नाहीत. पावसाळ्यात उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली की होडी बंदच. खाडीकाठचा माणूस तिथी बघून उद्याचं काम ठरवतो ते यामुळेच.

आता रायगडातलं घारापुरी. हे बेट सगळ्यांना ठाऊक असतं ते लेण्यांमुळे. १९८७ साली या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि गेटवेवरून लाँच धरून जगभरचे लोक इथे येतात. पण लेणी पाहून परतणाऱ्यांपैकी किती जणांना राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं आठवतात? गेटवेपासून हे बेट जेमतेम दहा किलोमीटर. रात्री समोर मुंबई उजळलेली दिसायची आणि इथे संध्याकाळचे काही तास जनरेटर चालून बंद व्हायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणनं कायमची वीज दिली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! नाक्यावर तार तुटली तर वायरमन खांबावर चढतो. इथे बिघाड समुद्राखाली झाला तर आधी बोट लागते आणि दर्या शांत असावा लागतो. म्हणून वीज आली की प्रश्न संपला असं मानू नये.

दवाखान्याचा प्रश्न याहून कठीण आहे. त्याचं मूळ एका हिशेबात आहे आणि तो हिशेब प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवा. सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागांसाठी हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. आपल्या पलीकडचे वाडा आणि शहापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यामुळे तिथल्या पाड्यांना या सवलतीचा आधार आहे. ती रास्तच आहे, कारण डोंगर चढायला वेळ लागतो हे शासनानं मान्य केलं. मग खाडी ओलांडायला वेळ लागत नाही का? या यादीत बेट हा शब्दच नाही. हजारभर वस्तीचं बेट कोणत्याच आकड्यात बसत नाही आणि कागदावर त्याला जवळच्या किनाऱ्यावरच्या केंद्राला जोडून दिलं जातं. नकाशावर ते अंतर दोन-चार किलोमीटर दिसतं. बाळंतीण रात्री अडली आणि बाहेर ओहोटी असेल, तर त्या दोन-चार किलोमीटरला काही अर्थ उरत नाही.

अशा हिशेबाचा शेवट कुठे होतो हे स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटानं दाखवलं आहे. आजारपण, अन्नाची टंचाई आणि तरुणांचं स्थलांतर यांनी थकलेल्या तिथल्या शेवटच्या ३६ रहिवाशांनी स्वतःच सरकारला विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडलं. त्याच स्कॉटलंडनं २०१८ मध्ये बेटांसाठी स्वतंत्र कायदा केला. कोणतंही नवं धोरण किंवा सेवा बेटावरच्या लोकांवर वेगळा परिणाम करणार असेल, तर तो आधी तपासणं सरकारी यंत्रणांवर बंधनकारक झालं. महाराष्ट्राला एवढा मोठा कायदा लगेच नको. निकषांच्या यादीत डोंगरीच्या शेजारी ‘बेट’ हा शब्द घाला आणि अंतर किलोमीटरऐवजी रुग्णाला लागणाऱ्या वेळेत मोजा, तोही ओहोटीच्या वेळचा. एवढ्यानं उपकेंद्र, रुग्णवाहिका-बोट आणि मुक्कामी परिचारिका यांची मागणी नियमात बसेल. आज ती मेहेरबानी म्हणून मागावी लागते.

शासनाकडे हे मागत असताना एक गोष्ट आपल्याही हातात आहे. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाणजू बेट आहे. तिथलेही लोक होडी नसली की रेल्वेच्या पुलावरून चालतात. २०२५ मध्ये धावत्या लोकलमधून खाडीत भिरकावलेला निर्माल्याचा नारळ लागून पाणजूच्या एका तरुणाचा जीव गेला. वसई-विरारकडून लोकलनं ये-जा करणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकांना कळकळीची विनंती आहे : गाडीतून खाडीत काहीही टाकू नका. निर्माल्य घरच्या झाडांना घाला किंवा निर्माल्य कलशात ठेवा, आणि शेजारी कुणी खिडकीतून पिशवी बाहेर काढताना दिसलं तर त्यांचा हात थांबवा.