आंघोळीला नाही म्हणणारं मूल हट्टी नसतं

एप्रिल-मेमधलं सोलापूर तुम्हाला ठाऊक आहेच. पारा चाळिशी ओलांडतो, वर्ग गच्च भरलेला, आणि नववीतल्या स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाशेजारची जागा हळूच रिकामी होते. घरी विचारलं तर आई सांगते, "सर, आंघोळीचं नाव काढलं की कानावर हात ठेवून ओरडतो. आता माझ्यापेक्षा उंच झालाय, ओढून कसं नेऊ?"

ओढून नेऊच नका. हा हट्ट नव्हे. ऑटिझममध्ये स्पर्श, आवाज, वास, चव यांची जाणीव अनेकांना फार तीव्र असते, काहींना फार मंद. २०१३ पासून निदानाच्या डीएसएम-५ या निकषांतही ही बाब आहे. तीव्र जाणीव असणाऱ्याला डोक्यावर अचानक ओतलेला तांब्या, छोट्या न्हाणीघरात घुमणारा नळाचा आवाज, पेस्टचा झोंबणारा पुदिना, यांतलं काहीही असह्य होऊ शकतं. मंद असेल तर स्वतःच्या घामाचा वास त्याला खरंच येत नाही. मग "तुला वास येत नाही का?" हे विचारून काय उपयोग?

आधी नेमकं काय खुपतं ते शोधा. आठवडाभर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. बादली आधीच भरून नळ बंद ठेवा. पाणी डोक्यावरून नको, पायांपासून वर घ्या. केस वेगळ्या दिवशी धुवा. बिनवासाचा साबण आणा.

टॉवेलकडे तर आपलं लक्षच जात नाही. आपला सोलापुरी टॉवेल जगात नावाजलेला, पण कोरा असताना काही मुलांना तो टोचतो. चार-पाच वेळा धुऊन मग द्या, किंवा जुनं मऊ सुती धोतर चालेल. पुसताना घासू नये, टिपावं.

दुसरी अडचण आपल्या शहराची. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घरात "पाणी आलं, चल आंघोळीला" असं चालतं. या मुलांना ठरलेली वेळ लागते. एक बादली त्याच्या नावानं राखून ठेवा, वेळ तीच ठेवा. अगदीच पाणी नसेल तर त्याच वेळी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं.

पायऱ्यांची चित्रं भिंतीवर लावा. सुरुवातीला शेवटची पायरी, म्हणजे टॉवेल दोरीवर टाकणं, तेवढीच त्याच्याकडे द्या. ती जमली की तिच्या आधीची. नखं आंघोळीनंतर मऊ असताना कापावीत. दातांना फेस न होणारी, सौम्य चवीची पेस्ट चालते का पाहा. मात्र रोज करणारा मुलगा अचानक नाही म्हणू लागला, तर दात, कान, त्वचा डॉक्टरांना दाखवा. दुखतंय हे त्याला सांगता येत नसेल.

मुलींना पाळी येण्याआधीच पॅडचा स्पर्श ओळखीचा करून द्या, थोडा थोडा वेळ वापरायला देऊन.

हे सगळं कशासाठी? केवळ वासासाठी नाही. सोळाव्या वर्षीही दुसऱ्यानंच अंग धुवावं लागलं, तर कुणी कुठे हात लावावा याची सीमा त्या मुलाला कधी कळणार? दार लावून स्वतः आंघोळ करणं ही त्याची सुरक्षितता आहे.

आणि शिक्षकांनो, वर्गासमोर वासाबद्दल बोलू नका. पालकांना बाजूला घेऊन सांगा, गणवेशाचं मानेवरचं लेबल कापायला सांगा, आणि ती रिकामी जागा भरेल असं पाहा.