पॉल्डिंगचा कंदील

अमेरिकेत मिशिगनच्या उत्तर भागात, पॉल्डिंग गावाजवळच्या जंगलात अंधार पडला की झाडांच्या फटीत दूर एक दिवा दिसतो. कधी पांढरा, कधी लाल. मोठा होतो, थरथरतो, विझतो, पुन्हा उजळतो. १९६६ पासून लोक तो पाहत आले आहेत. रुळांवर जीव गमावलेला रेल्वेचा ब्रेकमन अजून कंदील हलवतो, अशी तिथली कथा.

पाहणाऱ्यांना भास होतो, असं म्हणून हा विषय उडवून लावणं मला पटत नाही. दिवा खराच असतो. चुकतो तो अंतराचा अंदाज.

२०१० मध्ये मिशिगन टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्या दिव्यावर दुर्बीण रोखली. तिच्यात चक्क मोटारी दिसल्या, रस्त्याकडेची पाटीसुद्धा! तो होता सुमारे सात किलोमीटरवरचा यूएस-४५ महामार्ग. तरीही ते थांबले नाहीत, आणि मला त्यांचं हेच फार मोलाचं वाटतं. त्यांनी त्या रस्त्यावर एक गाडी चारही इंडिकेटर लावून चालवली. इकडे ‘कंदील’ही तशीच उघडझाप करू लागला.

पण हेडलाइट तर दोन असतात! दोन ठिपके वेगळे दिसायला निरोगी डोळ्याला त्यांच्यात साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका कोन लागतो. एकमेकांपासून दीड मीटरवर असलेले दोन दिवे सात किलोमीटरवरून जेमतेम पाऊण कलेचा कोन करतात. म्हणून त्यांचा एकच दिवा होतो. लाल दिवे पाठमोऱ्या गाड्यांचे. थरथर हवेची: कमीजास्त तापमानाच्या थरांतून येताना प्रकाश सतत किंचित वाकत राहतो. शिवाय मिट्ट काळोखात आजूबाजूला काहीच दिसत नसलं, तर स्थिर ठिपकाही हलताना वाटतो. दिवा केवढा आहे हेच ठाऊक नसताना तो जवळचा मंद की लांबचा प्रखर, हे नुसत्या डोळ्यांना ठरवता येत नाही. त्या अनिश्चित जागेत गावाची आठवण शिरते, आणि रेल्वेच्या मुलखात ती ब्रेकमनचा कंदील होते.

कॅनडात सस्कॅचेवानमधल्या सेंट लुई गावाजवळ, रूळ उखडलेल्या जुन्या मार्गावर तर अख्खी भुताची आगगाडी दिसते. तिचा दिवाही दूरच्या हेडलाइटचाच, असं दोन शाळकरी मुलींनी आपल्या विज्ञान प्रकल्पात मांडलं. पुढे २०१४ मध्ये टपाल खात्याने त्या गाडीवर तिकीट काढलं. तिकिटावर अर्थातच आगगाडी आहे, मोटार नाही.