राखेचं खातं वेगळं, नफ्याचं वेगळं

उभी हयात लोकांची खाती तपासण्यात गेली. त्यामुळे बैठकीत कुणी ‘थर्मलच्या सीएसआरमधून (कंपनीने समाजकामावर करायच्या खर्चातून) करून घेऊ’ म्हणालं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला : पैसा कुठल्या खात्यातला?

नाशिकरोडजवळचं एकलहऱ्याचं थर्मल, म्हणजे औष्णिक वीजकेंद्र, हे महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचं. २१० मेगावॅटचे तीन संच, साधारण १९८० च्या आगेमागे सुरू झालेले. एका युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो आणि आपल्या देशी कोळशात ३० ते ४० टक्के राखच असते. म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरामागे पंचवीसेक किलो राख. बारीक राख धुराड्याच्या आधी पकडून सिमेंटला, विटांना जाते. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या बंधाऱ्यात.

ही राख मार्गी लावणं म्हणजे समाजसेवा नव्हे. केंद्राच्या डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार राखेचा १०० टक्के वापर बंधनकारक आहे. मुदतीत झाला नाही तर टनामागे १००० रुपये भरपाई. आणि सीएसआरचे नियम स्पष्ट सांगतात : दुसऱ्या कायद्याने जे करावंच लागतं, ते सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. राखेवर पाणी मारलं आणि फोटो सीएसआरच्या अहवालात छापला, तर मी तरी तो खर्च मान्य करणार नाही.

सीएसआर येतो कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून, एप्रिल २०१४ पासून. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के. इथेच मेख आहे. हिशेब नफ्यावर, राखेवर नाही. प्रकल्पालगतच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदा म्हणतो खरा. पण ते बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्राने २०२१ मध्ये केला.

सिन्नरचंच बघा. १३५० मेगावॅटचा खासगी प्रकल्प उभा राहिला आणि वीजखरेदीचा करार नसल्यामुळे वर्षानुवर्षं बंद राहिला. २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. नफाच नाही, तर दोन टक्के कशाचे काढणार?

म्हणून गावकऱ्यांना मी अर्ज दोन करायला सांगतो. शाळेच्या खोलीचा कंपनीकडे, सीएसआर समितीच्या नावाने. राखेचा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. आणि दोन्हींची पोच घ्यायची, शिक्क्यासकट.